राहून गेलेली शपथ

निपाणीत आमच्या शेजारी चाचांचं घर. चाचा शिंपी होते. मी शिकवते त्या शाळेतल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांच्याच मशीनवर शिवले जायचे. त्यांना एकच मुलगी, माझ्यापेक्षा बरीच लहान, माझ्या धाकट्या भावाच्या बरोबरीची. ती आणि माझा भाऊ एकाच बालवाडीत गेले, एकाच पावसाळ्यात दोघांना गोवर आला, आणि तिच्या आईनं आणि माझ्या आईनं पाळ्या लावून दोघांना सांभाळलं. मला ती आक्का म्हणायची. भावाला नावानं हाक मारायची. मोठी झाल्यावर दोघांचं बोलणं कमी झालं, वयात आलेल्या पोरापोरींचं होतं तसं, पण तुटलं नाही.

तिचं लग्न कोगनोळीच्या एका मेकॅनिकशी झालं. हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं. तो माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना कुणालाही तसं वाटेल. सासऱ्याचं मशीन बिघडलं तर हातातलं काम टाकून यायचा. आमची पाण्याची मोटर त्यानं दोनदा दुरुस्त करून दिली आणि चहाखेरीज काही घेतलं नाही. बोलायचा मात्र फार कमी. मनाला लागलेली गोष्ट आत ठेवायचा आणि ती आतच वाढायची. लग्नानंतर त्यांना एक मुलगी झाली. आमच्या शाळेला सुट्टी लागली की ती आईबरोबर आजोळी यायची आणि अर्धा दिवस आमच्याच घरात असायची.

मग चाचांच्या बायकोची किडनी गेली. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. चाचांची मुलगी आपल्या पोरीला सासूकडे ठेवून आईजवळ राहिली. माझा भाऊ तेव्हा बेळगावलाच, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. कामावरून सुटला की दवाखान्यात डोकवायचा, औषधं आणून द्यायचा. रक्त लागलं तेव्हा त्यानंच दिलं. यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. त्या बाईंनी त्याला मांडीवर घेऊन दूधभात भरवला होता.

एक दिवस सीमेच्या वादावरून अचानक बस बंद झाल्या. आमच्याकडे हे अधूनमधून होतंच. कुठंतरी फलकाला काळं फासतात, कुठंतरी काच फुटते, आणि दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. नेमकं त्याच दिवशी कोगनोळीहून फोन आला की पोरीला ताप भरलाय आणि ती आईला मागतीय. चाचा दवाखान्यातच होते. त्यांनीच माझ्या भावाला सांगितलं, "बाबा, तुझ्या गाडीवरनं हिला सोडून ये. मी बसतो इथं."

भाऊ तिला घेऊन निघाला. हत्तरगीजवळ भुरभुर पाऊस लागला म्हणून दोघं एका टपरीवर थांबले, चहा प्याले आणि पाऊस ओसरल्यावर पुढं गेले. भावानं तिला थेट गॅरेजच्या दारात सोडलं. तिचा नवरा बाहेर आला, "चहा घेऊन जा" म्हणाला. भाऊ "परत जायचंय" म्हणून वळला. एवढंच झालं होतं.

पण त्या टपरीवर नवऱ्याच्या ओळखीचं कुणीतरी होतं आणि त्यानं मोबाइलवर फोटो काढला होता. तो फोटो मी नंतर पाहिला. भाऊ एका हातात हेल्मेट धरून काहीतरी सांगतोय आणि ती ओढणीनं तोंड पुसत हसतीय. कितीतरी दिवसांनी हसली असेल बिचारी. त्या फोटोबरोबर काय काय लिहून आलं होतं ते मला माहीत नाही. नवऱ्यानं तो फोटो तिला दाखवला नाही, काही विचारलंही नाही. फोनमध्ये ठेवून दिला.

पुढं काही आठवड्यांनी तिची आई गेली.

तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला गल्लीत मांडव घातला होता. कुराण वाचून झालं होतं, दुआ झाली होती, माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि मी आणि आई चहाचे कप फिरवत होतो. भाऊ सुट्टी काढून आला होता, सकाळपासून खुर्च्या लावत होता. तो निघालाय असं वाटून ती दारात आली आणि त्याला म्हणाली, "जेवून जा, असाच जाऊ नको."

तिचा नवरा खुर्चीवरून उठला.

"ह्याला जेवायलाच घाल," तो म्हणाला. "बेळगावात आईजवळ बसलीती का ह्याच्याजवळ, ते बी सांग सगळ्यांना."

कुणाला काही कळेना. त्याचे थोरले भाऊ त्याचा हात धरायला लागले. त्यानं हात झटकला आणि एकेक शब्द तोडत बोलला, "माझी बायको बदचलन हाय. ह्याच्यासंगं. मी अल्लाची कसम खाऊन सांगतो."

माझ्या हातात ट्रे होता. मी तो तसाच धरून उभी राहिले.  भाऊ पुढं सरला तशी आईनं त्याच्या शर्टाला मागून धरलं. चाचांची मुलगी दारात होती तशीच होती. आणि चाचा हातातली तस्बीहची माळ खाली ठेवून समोरच्या माणसांना म्हणाले, "चहा घ्या. गार हुतोय."

तो आवाज मला अजून ऐकू येतो.

माणसं हळूहळू पांगली. एक बुजुर्ग तेवढे मागं थांबले. उर्दू शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मशिदीच्या कमिटीत असायचे आणि गल्लीत त्यांचा शब्द मानला जायचा. त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. आम्हालाही त्यांनी जा म्हटलं नाही.

"चार साक्षीदार हायत तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

"फोटो हाय."

"टपरीवरच्या चहाचा फोटो. ती साक्ष न्हवं." ते शांतपणे बोलत होते. "बायकोवर असा आळ घेणारा आणि साक्षीदार नसणारा, त्याच्यासाठी आमच्यात लिआन हाय. तू चार वेळा कसम खाऊन म्हणायचं, मी खरं बोलतोय. आणि पाचव्यांदा म्हणायचं, मी खोटं बोलत असलो तर माझ्यावर अल्लाची लानत पडू दे. कळतंय का काय म्हणतोय मी? पाचवी कसम तोंडातनं गेली की परत येत न्हाय."

"खातो. पाचवी बी खातो."

"आज न्हाय. मयताच्या घरात न्हाय."

तेव्हा ती आतून बाहेर आली. डोक्यावरून पदर घेतलेला, डोळे कोरडे. "आणि मला?" तिनं विचारलं. "मला काय हाय?"

बुजुर्ग तिच्याकडे वळले. "तुला बी हक्क हाय, बेटी. तू चार वेळा कसम खाऊन म्हणायचं, हा खोटं बोलतोय. पाचव्यांदा म्हणायचं, हा खरा असला तर माझ्यावर अल्लाचा गजब, त्याचा कोप हुऊ दे. दोघांचं झालं की निकाह तुटला. कायमचा."

"मग मला कसम खायाची हाय. आत्ता."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या हातात ते नव्हतं. आपल्याकडे असा निकाह तोडायचा हक्क कोर्टाला, ते म्हणाले, आणि नवऱ्याला बरोबर घेऊन निघून गेले. मला वाटतं, चार दिवस गेले की त्याचं डोकं थंड होईल अशी त्यांना आशा असावी.

नवरा तिला न्यायला आला नाही. पोरगी आईपाशीच राहिली. गल्लीतल्या काहींना या प्रकरणात वेगळंच काही हवं होतं, हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या. माझ्या भावाला रस्त्यात थांबवून "तू नुसतं हो म्हण, पुढचं आम्ही बघतो" म्हणणारी पोरं भेटली. भावानं त्यांना काय उत्तर दिलं ते त्यानं मला सांगितलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस तो निपाणीला आला नाही.

एका रविवारी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, बेळगावला येतीस का माझ्यासंगं? वकील बघायचाय."

वकीलबाई माझ्याच वयाच्या होत्या, आवाज चढवून न बोलणाऱ्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की लिआनच्या आधारे कोर्टात दावा करता येतो. नवऱ्यानं खोटा आळ घेतला हे बायकोनं सिद्ध केलं की कोर्ट निकाह रद्द करतं. मी तिथं हजर होते, म्हणजे मी साक्षीदार. ज्याच्यावर आळ घेतला तो माझा भाऊही साक्षीला लागेल.

"आणि त्यानं शब्द मागं घेतला तर?" मी विचारलं.

"सुनावणी सुरू व्हायच्या आधी, काही अट न घालता, मी बोललो ते खोटं होतं असं कबूल केलं, तर हा दावा टिकत नाही. म्हणून मी म्हणते, छळाचा मुद्दाही घालू."

ती म्हणाली, "त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला न्हाय. उपाशी ठेवलं न्हाय. जे केलं तेवढंच लिवा."

"असा आळ घेणं हाही छळच आहे हो."

"तेवढंच लिवा," ती पुन्हा म्हणाली. "शब्द ते मागं घेणार न्हाईत. मला ठाऊक हायत ते."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  तिला निकाह तोडायचा होता हे खरं, पण त्याहून तिला ते शब्द बोलायचे होते. सगळ्यांसमोर उभं राहून, अल्लाला साक्षी ठेवून.

आमच्या घरात वेगळंच चाललं होतं. भावाचं लग्न खानापूरकडच्या एका मुलीशी ठरलं होतं. तिच्या मामांचा फोन आला. आमचं काही म्हणणं नाही, असं म्हणून त्यांनी बराच वेळ म्हणणं सांगितलं आणि सोयरीक मोडली. आईनं अंथरूण धरलं. भाऊ साक्षीला जाणार म्हटल्यावर तिनं त्याला फोनवर सांगितलं, "तुझं नाव कोर्टात कशाला रं? मिटू दे की आता."

"आई, नाव गल्लीत गेलंय," तो म्हणाला. "कोर्टात गेलं तर परत तरी येईल."

सुनावणीची तारीख जवळ यायला लागली तशी ती त्या बुजुर्गांकडे जाऊन शपथेचे शब्द शिकून आली. कोर्टात साक्षीच्या आधी साधी शपथ देतात, तिथं चार आणि पाच असं काही नसतं, हे वकीलबाईंनी तिला सांगितलं होतं. तरी ती शिकली. दुपारी मी शाळेतून येऊन पडले की भिंतीपलीकडून तिचा पुटपुटण्याचा आवाज यायचा. आधी अरबीत म्हणायची, मग आपल्या बोलीत. पाचव्याला आली की थोडी थांबायची. मग म्हणायची. चाचांचं मशीन तेवढा वेळ बंद असायचं.

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसनं निघालो. ती, चाचा, मी. काकती मागं पडल्यावर चाचा एकदम म्हणाले, "मीच सांगितलं त्याला, सोडून ये म्हणून." हे ते रोज कुणाला ना कुणाला सांगायचे. ती म्हणाली, "व्हय अब्बा, आणि बरं केलं. पोरगी रडत हुती."

भाऊ कोर्टाच्या व्हरांड्यात आधीच येऊन उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, लग्नाला निघावा तसा. तिला बघून त्यानं मान लववली.   आता दोघांना एकमेकांशी साधं बोलताही येत नव्हतं, कारण बघणारे होते. समोरच्या बाकावर नवरा, त्याचे थोरले भाऊ आणि त्यांचा वकील बसले होते.

पुकारा झाला. आम्ही आत गेलो. तिनं हात एकमेकांत घट्ट धरले होते आणि ओठ हलत होते.

तिच्या नवऱ्याचा वकील उभा राहिला आणि कानडीत काहीतरी बोलला. मग नवरा पुढं गेला. तिथलं सगळं कानडीतच चाललं होतं आणि आम्हाला सगळ्यांना कानडी येतं, तरी पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो म्हणत होता की मी रागाच्या भरात बोललो. माझ्या बायकोचा काही दोष नाही. मी घेतलेला आळ खोटा होता आणि मी माझे शब्द बिनशर्त मागं घेतो.

न्यायाधीशांनी त्याला विचारलं, कुणाचा दबाव आहे का. तो नाही म्हणाला. खोटा होता हे समजून बोलताय ना. हो म्हणाला. ते लिहून घेतलं गेलं.

ती उभी राहिली. "साहेब, मला कसम खायाची हाय," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली.

न्यायाधीशांना मराठी येत असावं. ते मऊ आवाजात म्हणाले की बाई, आता त्याची गरज नाही. तुमच्या नवऱ्यानंच सांगितलंय की तुम्ही निर्दोष आहात.

ती उभीच राहिली. वकीलबाईंनी तिच्या कोपराला हात लावला, तेव्हा बसली. व्हरांड्यात भाऊ वाट बघत होता. मी बाहेर येऊन त्याला सांगितलं की साक्ष लागणार नाही, संपलं. त्यानं विचारलं, "म्हणजे जिंकलो?"  तिच्या अंगावरचा डाग गेला होता, आणि डाग गेला म्हणूनच ती अजून त्याची बायको होती.

पायऱ्यांवर नवरा तिच्याजवळ आला. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. तो म्हणाला, "चल. पोरीला घेऊ आणि घरला जाऊ."

"तुम्ही गल्लीत म्हणालता," ती म्हणाली. "गल्लीत येऊन सांगा. अब्बांच्या दारात."

"कोर्टात सांगितलं की. त्याच्यापेक्षा मोठं काय असतंय?"

"त्या दिवशी तिथं कोर्ट न्हवतं. माणसं हुती. त्यांना सांगा."

 त्याच्या भावांनी त्याला हाक मारली आणि तो गेला. माझा भाऊ दूर पार्किंगमध्ये गाडी काढत होता. आमचा निरोप न घेताच निघून गेला.

त्यानंतर चाचा जुम्म्याची नमाज झाली की दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. जावई येईल, चार माणसं बोलावेल, बोलेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मशीनवर कव्हर पडलं ते पडलंच. आमच्या शाळेचे गणवेश दुसरीकडे शिवायला जायला लागले. ती वकीलबाईंकडे परत गेली आणि आता छळाच्या मुद्द्यावर दावा घातला. नवऱ्याचीच कबुली पुरावा म्हणून जोडली. तो दावा चालू असतानाच, थंडीच्या दिवसांत, चाचा गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत.

जनाज्याला जावई आला. त्यानं खांदा दिला, मातीही दिली. कबरस्तानातून माणसं परत आली, गल्लीत जागच्या जागी घोटाळत उभी होती, तेव्हा तो चाचांच्या दारासमोर थांबला आणि बोलला. आवाज इतका खाली की पुढच्या चारपाच जणांनाच ऐकू गेलं असेल. मी आमच्या दारात होते म्हणून मला ऐकू आलं. "मी मागं हितं जे बोललो ते खोटं हुतं. दोघांचाबी काय दोष न्हवता." मागच्या कुणीतरी विचारलं, काय म्हणतोय?  जावई रडत होता.

ती आत बायकांमध्ये बसली होती. मी जाऊन तिच्या कानात सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला.

"अब्बांनी ऐकाया पायजे हुतं, आक्का," एवढंच म्हणाली.

पुढं निकाल तिच्या बाजूनं लागला. नवऱ्यानं विरोध केला नाही. तो अजून कोगनोळीलाच आहे, पोरीला महिन्यातून एकदा भेटतो, तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेत बसतो. एकदा बाजारात मला दिसला तेव्हा थांबून म्हणाला, "त्या दिवशी दारात आली ती त्याला जेव म्हणायला आली. मला तीन दिवसांत काय बी बोलली न्हवती." मग त्यालाच ते बोलणं कसंतरी वाटलं असावं, कारण "तिची आई गेलती, कुणासंगं बोलणार ती" असं पुटपुटत तो वळला. मला त्याचा राग आला नाही. यावा असं वाटत होतं, पण आला नाही.

ती आता बेळगावात असते. एका बुटीकमध्ये कटिंगचं काम करते. हात बापाचा आहे, असं तिथल्या बाई म्हणतात. मुलगी हायस्कूलला गेली. निपाणीचं घर भाड्यानं दिलंय. भाऊ पुण्याला गेला, तिकडंच लग्न केलं, संसार बरा चाललाय. सणाला येतो, पण दोन दिवसांच्या वर राहत नाही.

मागच्या महिन्यात भाडेकरूशी काही बोलायला म्हणून ती आली आणि आमच्याकडेच जेवली. जेवणं झाल्यावर आईला भावाचा फोन आला. आईला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा केलेला असतो आणि पलीकडचं सगळ्या घराला कळतं. भाऊ विचारत होता, कोण आलंय. आईनं सांगितलं आणि फोन तिच्याकडे केला. "बोल की गं दोन शब्द. लहानपणी एका ताटात जेवायचा दोघं."

ती उठली. "पाणी आलंय बगा नळाला, बादली भरून जाईल," म्हणाली आणि परसात गेली. नळाला पाणी नव्हतं.  पलीकडून भावानं आईला विचारलं, गुडघा कसा आहे.

चारच्या बसला मी तिला सोडायला गेले. मुलीची परीक्षा होती म्हणून तिला परतायची घाई होती. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला, माझा धरला आणि गाडी सुरू झाल्यावर सोडला.